सतराव्या शतकातलं इंग्रजी पुस्तक हाती कसं घ्यावं?

प्रश्न थोडक्यात असा. इतिहासात एम.ए. झालेल्या एका वाचकाला १५५० ते १७०० या काळातली इंग्रजी पुस्तकं मुळातून वाचायची आहेत. धर्म, स्थानिक इतिहास आणि तेव्हा ज्याला ‘नॅचरल फिलॉसॉफी’ म्हणत ते सृष्टीचं शास्त्र, असे तीन विषय त्यांनी ठरवलेत. पण पीडीएफ उघडली की दहा मिनिटांत डोकं जड होतं. तेव्हा प्रत्येक विषयाची पाच-पाच नावं द्या, एकेक विषय हातावेगळा करत जातो, असं त्यांचं म्हणणं.

नावं देतो, पण अशी तीन कप्प्यांची यादी देणार नाही. सव्वीस वर्षं जुन्या छापील पुस्तकांच्या सूची करण्यात गेली, आधी मुंबईत आणि नंतर इंग्लंडात. सुरुवातीला मीही प्रत्येक कार्डावर ‘विषय’ या रकान्यात एकच शब्द लिहायचो. पहिलं वर्ष संपेपर्यंत त्या रकान्याचा पार बोजवारा उडाला होता. दगडांवरचं म्हणून घेतलेलं पुस्तक नोहाच्या जलप्रलयावर वाद घालत होतं, परगण्याचा इतिहास म्हणून घेतलेलं फोडलेल्या थडग्यांसाठी हळहळत होतं, आणि पिसवांवरचं पुस्तक देवाच्या कारागिरीचे गोडवे गात होतं. हे कप्पे आपले आहेत, ते लिहिणाऱ्यांना ठाऊकच नव्हते. एकेक विषय ‘संपवत’ गेलात तर तिन्ही अर्धवट राहतील.

म्हणून एकच पुस्तक घ्या: रॉबर्ट प्लॉटचं ‘द नॅचरल हिस्टरी ऑफ ऑक्सफर्डशायर’, १६७७. एका परगण्याचं पुस्तक, तेही इंग्रजीत (विद्वानांचं बरंच लेखन तेव्हा लॅटिनमध्ये असे, म्हणून हे सांगायचं). आकाश आणि हवेपासून सुरुवात. मग पाणी, माती, दगड, वनस्पती, प्राणी, माणसं, कारागिरी, आणि शेवटच्या प्रकरणात पुराणवस्तू. पुढे १६८३ साली ऑक्सफर्डचं अ‍ॅशमोलियन संग्रहालय उघडलं तेव्हा त्याचा पहिला अभिरक्षक हाच.

त्यातलं एकच ठिकाण जवळून बघू. कॉर्नवेल गावाजवळच्या खाणीत दगड झालेलं एक प्रचंड हाड सापडलं आणि ते प्लॉटच्या हाती आलं. तो आधी त्याचं माप घेतो: खालच्या टोकाला घेर दोन फूट, वरच्या बाजूला सुमारे पंधरा इंच, वजन जवळजवळ वीस पौंड. हे मांडीच्या हाडाचं गुडघ्याकडचं टोक, हे तो बरोबर ओळखतो. मग प्रश्न येतो, कुणाचं? घोड्याबैलाचं एवढं मोठं नसतं. रोमन लोकांनी ब्रिटनमध्ये हत्ती आणले होते म्हणतात, त्यातल्या एखाद्याचं असेल का? इथे तो ग्रंथांचे दाखले तपासतो, आणि नशिबाची गंमत अशी की तो हे लिहीत असतानाच, १६७६ साली, ऑक्सफर्डमध्ये एक हत्ती लोकांना दाखवायला आणला जातो. प्लॉट जाऊन तुलना करून येतो. जुळत नाही. म्हणून हत्ती बाद. मग उरतं काय? पूर्वी महाकाय माणसं होती, बायबलही तेच सांगतं. तेव्हा हे महाकाय माणसाचं हाड.

निष्कर्ष चुकला. आज ते हाड मेगालोसॉरस या डायनासोरचं असावं असं मानतात, पण ते नावच मुळी १८२४ साली पडलं. मूळ हाड हरवलं, चित्र तेवढं शिल्लक आहे. डायनासोरच्या हाडाचं छापलेलं पहिलं चित्र म्हणून ते प्रसिद्ध आहे. मला मात्र त्या चित्रापेक्षा त्याच्या आधीची ती पानं जास्त आवडतात. मोजमाप, रोमन इतिहास, प्रत्यक्ष हत्ती आणि बायबल हे चारही साक्षीदार एकाच पिंजऱ्यात एकामागून एक उभे केलेत, आणि कुणाची साक्ष घेताना प्लॉटचा आवाज बदलत नाही.

गंमत म्हणजे याच पुस्तकात दगडातले शिंपले हे खरे शिंपले नव्हेत, जमिनीतल्या क्षारांनी घेतलेले ते आकार आहेत, असं तो ठासून सांगतो. त्याच्याच काळातले निसर्गाचे अभ्यासक रॉबर्ट हुक आणि जॉन रे यांचं मत उलट होतं, तेही तो देतो. जलप्रलयाने शिंपले डोंगरावर नेले असतील का यावर तर बराच काथ्याकूट आहे. हाड खरं आणि शिंपले खोटे! आपण हसतो, पण त्याची कारणं नीट वाचली तर हसू जरा आवरतं.

चित्रांकडेही बघा. बहुतेक पानांवर परगण्यातल्या कुणा ना कुणा बड्या घराण्याचं नाव आणि चिन्ह आहे, अर्पण त्यांना. नकाशाच्या चौकटीत तर ढालीच ढाली, म्हणजे घराण्यांची ढालीवर काढलेली कुलचिन्हं. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरून घेणं महाग होतं, आणि ज्याच्या जमिनीतला दगड त्याचंच नाव पानावर आलं की तो खूश. आपल्याकडच्या स्मरणिकांमधल्या शुभेच्छांच्या जाहिराती आठवल्या तर चूक नाही.

आता दहा मिनिटांत डोकं जड का होतं, ते बघू. अक्षरांचा त्रास आठवड्याचा आहे. लांब ‘एस’ हा ‘एफ’सारखा दिसतो, पण त्याची आडवी दांडी फक्त डावीकडे असते, आणि तीही कधी कधी नसतेच. ‘यू’ आणि ‘व्ही’ ही एकाच अक्षराची दोन रूपं होती, शब्दाच्या सुरुवातीला व्ही आणि मध्ये यू. ‘आय’ आणि ‘जे’चं तसंच. तुम्ही मोडी शिकला असाल तर तुम्हाला सांगायला नको. तक्ता पाठ करून मोडी येत नाही, वीस कागद वाचले की येते. इथे तर वीस पानं पुरे. मोठ्याने वाचा. स्पेलिंग डोळ्याला अडतं, कानाला अडत नाही.

खरी फसगत ओळखीच्या शब्दांत आहे. प्रार्थनापुस्तकात भक्त देवाला विनवतो, ‘प्रिव्हेंट अस, ओ लॉर्ड’. म्हणजे आम्हाला अडव असं नव्हे, तर आमच्या आधी, आमच्या पुढे चाल. बायबलमधलं ‘कॉन्व्हर्सेशन’ म्हणजे वागणूक. ‘क्युरियस’ म्हणजे निगुतीने केलेलं. एखादी वस्तू ‘आर्टिफिशियल’ म्हटली तर ती कौतुकाची पावती. अनोळखी शब्द आला की आपण कोश उघडतो. ओळखीचा आला की उघडत नाही, आणि तिथेच चुकतो.

दुसरा खड्डा तारखांचा. मी स्वतः त्यात पडलोय. राजा पहिला चार्ल्स याच्या शिरच्छेदाशी संबंधित एक पत्रक, त्यावर वर्ष छापलेलं १६४८. शिरच्छेद ३० जानेवारी १६४९चा, हे शाळेतल्या पोरालाही माहीत. मी मोठ्या हुशारीने ‘छपाईची चूक’ अशी टीप लिहिली. वरिष्ठ बाईंनी ती टीप वाचली, काहीच बोलल्या नाहीत, पेन्सिलने फक्त ‘२५ मार्च’ लिहून कार्ड परत दिलं. इंग्लंडात १७५२ पर्यंत कायद्याने वर्ष २५ मार्चला बदलत असे, म्हणून त्यांच्या लेखी तो जानेवारी १६४८चाच.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही शिवजन्माची तिथी. तिची १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख ज्युलियन पंचांगाची, म्हणजे तेव्हाच्या इंग्रजांच्याच पंचांगाची. पण त्या दिवशी सुरतेच्या वखारीतल्या कारकुनाने पत्र लिहिलं असतं तर वर्ष १६२९ घातलं असतं. राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीखही त्याच पंचांगातली. शके आणि इसवीचा मेळ घालणाऱ्याला हा हिशेब जमतोच.

धर्माच्या पुस्तकांकडे येऊ. छापखान्यांचं पोट त्यांच्यावर भरत होतं. प्रवचनं, प्रश्नोत्तरी, प्रार्थना, स्तोत्रं, एकमेकांना खोडून काढणारी पत्रकं, नुसता ढीग! ढिगाला घाबरून लोक थेट १६११च्या बायबलकडे जातात, आणि मग माझ्यासारख्याकडे ‘आजोबांच्या पेटीतलं १६११चं बायबल’ येतं. तीनदा आलं, तिन्ही वेळा एकोणिसाव्या शतकातली प्रतिकृती निघाली. ओळखायची एक सोपी खूण: १६११ची मोठी मूळ प्रत काळ्या, टोकदार गॉथिक अक्षरांत आहे, ऑक्सफर्डने १८३३ साली ती पानाबरहुकूम पुन्हा छापली ती साध्या रोमन अक्षरांत. प्रतिकृती असं सांगितलं की माणसाचा चेहरा पडतो, पण इलाज नाही. तसंही जुनं म्हणजे महाग हे समीकरण खोटं आहे. १६५०चं एखादं सामान्य प्रवचन चांगल्या नव्या कोशापेक्षा फार महाग पडेलच असं नाही.

छपाईच्या चुकांची गोष्ट निघालीच तर १६३१चं बायबल सांगतो. त्यात सातव्या आज्ञेतला ‘नॉट’ राहून गेला आणि देवाची आज्ञा ‘तू व्यभिचार कर’ अशी झाली. राजाच्या छापखानदारांना ३०० पौंड दंड झाला. ज्याने कधी मुद्रितं तपासलीत त्याला ही गोष्ट ऐकून पोटात गोळा येतो.

ढिगातून वाट काढायची तर वाचकाच्या बाजूने जा. जॉन बन्यन हा भांडी दुरुस्त करणारा, फिरता कल्हईवाला म्हणा. १६६६च्या आत्मकथनात तो सांगतो की लग्न झालं तेव्हा दोघांत मिळून ताट-चमचासुद्धा नव्हता. बायकोने माहेराहून दोन पुस्तकं आणली होती, आर्थर डेंटचं ‘द प्लेन मॅन्स पाथवे टू हेवन’ आणि लुइस बेलीचं ‘द प्रॅक्टिस ऑफ पायटी’. हे दोन लेखक आज कोण वाचतो? पण ताट नसलेल्या घरात जी पुस्तकं होती, ती त्या समाजाची पुस्तकं. आधी बेलीची दहा पानं वाचा, मग बन्यनचं ‘पिलग्रिम्स प्रोग्रेस’ (१६७८). ते हरी केशवजींनी ‘यात्रिकक्रमण’ म्हणून १८४१ साली मराठीत आणलं, म्हणजे आपल्या सुरुवातीच्या छापील गद्यात या पुस्तकाचा वाटा आहेच.

स्थानिक इतिहासात सगळे विल्यम लँबार्डच्या केंटपासून (१५७६) सुरू करायला सांगतात. परगण्याचा छापलेला पहिला इतिहास तो. लंडनसाठी जॉन स्टो, पेशाने शिंपी, ‘सर्व्हे ऑफ लंडन’, १५९८. गल्लीबोळ पायाखाली घालून लिहिलेलं आणि अजून वाचनीय. पण माझा जीव विल्यम डग्डेलवर. १६४१ साली राजा आणि पार्लमेंट यांच्यातल्या यादवीचं आभाळ भरून आलेलं असताना हा माणूस एका चित्रकाराला बरोबर घेऊन चर्चमागून चर्च फिरला, थडग्यांवरचे लेख उतरवून घेतले, खिडक्यांतल्या काचांवरच्या ढाली काढून घेतल्या. का, तर हे सगळं फोडलं जाणार याची त्याला धास्ती होती. ती खरी ठरली. १६४३ साली पीटरबरोच्या कॅथीड्रलमध्ये पार्लमेंटच्या सैनिकांनी धुडगूस घातला. डग्डेलचं ‘अँटिक्विटीज ऑफ वॉरिकशायर’ (१६५६) नद्यांच्या काठाकाठाने गावं घेत जातं. वाचताना वंशावळींचा कंटाळा येतो, येऊ दे, त्या चाळा. थडग्यांपाशी थांबा.

याच डग्डेलने १६५८ साली लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलचा इतिहास काढला, वेन्स्लॉस हॉलरच्या चित्रांसह. आठ वर्षांनी लंडनच्या आगीत ते चर्च गेलं. त्याच्या अंगणात पुस्तकवाल्यांची दुकानं होती. आगीच्या भीतीने त्यांनी माल चर्चच्या खालच्या तळघरात नेऊन ठेवला, दगडी आहे, सुरक्षित राहील म्हणून. छत कोसळलं आणि सगळं जळालं. डग्डेलचं त्याच वर्षी निघालेलं कायद्याच्या इतिहासावरचं पुस्तकही आगीत सापडलं, बऱ्याच प्रती गेल्या. एखादं १६६६चं लंडनचं पुस्तक दुर्मीळ का, याचं उत्तर कधी कधी एवढंच असतं.

सृष्टिशास्त्रात हुकचं ‘मायक्रोग्राफिया’ (१६६५) चुकवू नका. सगळे उलगडणाऱ्या पानावरच्या त्या भल्यामोठ्या पिसवेकडे धावतात, बुचाच्या कापातल्या ‘सेल’कडे धावतात. तुम्ही पहिल्या निरीक्षणापाशीच थांबा. हुक सूक्ष्मदर्शकाखाली आधी सुईचं टोक ठेवतो. ते बोथट, ओबडधोबड दिसतं. मग छापलेला पूर्णविराम ठेवतो, आणि तो त्याला लंडनच्या चिखलाच्या फराट्यासारखा दिसतो! माणसाचं उत्तम काम जवळून बघितलं तर असं, आणि पिसू जवळून बघितली तर चिलखत घातल्यासारखी तुळतुळीत. वेगळं प्रवचन द्यायची त्याला गरज उरत नाही. सॅम्युअल पेपिस रात्री दोनपर्यंत हे पुस्तक घेऊन बसला होता, तशी रोजनिशीत नोंद आहे.

रॉबर्ट बॉइलचं नाव शाळेत वायूच्या नियमासाठी येतं. हा बॉइल ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांपैकी एक होता. त्याने मलय भाषेतली शुभवर्तमानं स्वखर्चाने ऑक्सफर्डला छापून घेतली (१६७७), आणि ख्रिस्ती धर्माच्या समर्थनार्थ व्याख्यानं व्हावीत म्हणून मृत्युपत्रात पैसे ठेवले. त्यातली पहिली व्याख्यानं १६९२ साली रिचर्ड बेंटलीने दिली, आणि त्यात न्यूटनचं नवं भौतिक वापरलं. आता सांगा, ती कुठल्या कप्प्यात ठेवायची?

न्यूटनचं ‘प्रिन्सिपिया’ लॅटिन आहे, सध्या सोडा. त्यामागचा किस्सा मात्र ऐकून ठेवा. रॉयल सोसायटी या लंडनच्या शास्त्रज्ञांच्या संस्थेने १६८६ साली माशांवरचा एक देखणा ग्रंथ काढण्यात पैसा घातला, तो खपला नाही, तिजोरी रिकामी. ‘प्रिन्सिपिया’चा खर्च सोसायटीचा कारकून असलेल्या खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅलीने पदरचा केला, आणि सोसायटीने त्याचा पगार न खपलेल्या माशांच्या पुस्तकांत दिला.

तुमच्यासाठी दोन पुस्तकं आणखी, कारण ती थेट आपल्या दारात येतात. हेन्री लॉर्ड हा सुरतेच्या वखारीतला पाद्री. त्याचं १६३०चं पुस्तक वाणी आणि पारशी यांच्या धर्मांवर आहे, पूर्वग्रहांनी भरलेलं, तरी विचारून विचारून लिहिलेलं. आणि जॉन फ्रायर, कंपनीचा डॉक्टर, ‘अ न्यू अकाउंट ऑफ ईस्ट इंडिया अँड पर्शिया’, १६९८. मुंबईची हवा आणि ताप, जुन्नरची फेरी, हेन्री ऑक्झिंडेनच्या वकिलातीने पाहिलेला रायगडावरचा राज्याभिषेक, असं सगळं एकाच बाडात. फ्रायरमधले उतारे मराठीत शंभर ठिकाणी उद्धृत झालेत. पण प्लॉट वाचून मग फ्रायर वाचा. हवा, पाणी, झाडं, माणसं, देवळं ही त्याची नजर कुठून आली ते आपोआप दिसेल.

उलट दिशेचा प्रवासीही आहेच. इंग्लंडातल्या विल्टशायरचा थॉमस स्टीफन्स जेझुइट, म्हणजे एका कॅथलिक धर्मसंघाचा पाद्री, झाला, आणि कॅथलिक असल्यामुळे मायदेशात त्याला जागा नव्हती. गोव्याहून १५७९ साली त्याने वडिलांना लिहिलेलं पत्र पुढे रिचर्ड हॅक्लुइटच्या प्रवाससंग्रहात इंग्रजीत छापून आलं. त्याचा मोठा ग्रंथ मात्र मराठीत, सुमारे अकरा हजार ओव्यांचा, गोव्यातल्या राचोलला १६१६ साली छापलेला. ‘क्रिस्तपुराण’ इंग्रजी पुस्तकांच्या सूचीत येत नाही, आणि मला ते नेहमीच खटकत आलंय.

साधनांबद्दल थोडं. ‘अर्ली इंग्लिश बुक्स ऑनलाइन’च्या पानांच्या प्रतिमा पैसे भरलेल्या ग्रंथालयांतूनच दिसतात, पण त्यातल्या सुमारे साठ हजार पुस्तकांची हाताने टंकलेली संहिता आता सर्वांना खुली आहे. शोध घ्यायचा तर त्यात घ्या. गूगल किंवा इंटरनेट अर्काइव्हवरच्या यंत्राने वाचलेल्या मजकुरात लांब एस हा एफ होतो, ‘सेम’चा ‘फेम’ होतो, आणि तुम्हाला हवा तो शब्द त्या पुस्तकात नाहीच असं वाटतं.

कुठे अडलात तर कळवा, पण पान क्रमांक देऊ नका. त्या काळी जुळाऱ्यांच्या हातून पानांचे आकडे सर्रास चुकत. ९६ नंतर ७९, मग पुन्हा ९८, असं चालायचं. पानाच्या तळाशी बारीक अक्षर-आकडा असतो, ‘सी ३’ किंवा ‘के २’ असा. ती फर्म्याची, म्हणजे एकत्र घडी घातलेल्या पानांच्या जुडीची खूण, बाइंडरने पानं लावताना बघायची. तिची वर्णमाला तेवीस अक्षरांची, आय नंतर थेट के. ती खूण आणि पान उजवं की डावं, एवढं लिहा, म्हणजे माझ्याकडच्या प्रतीत मी नेमका तिथेच पोचेन.